तंजावरच्या राजवाड्यातील पोथीखाना

बृहदीश्वराच्या देवळाचे उत्तुंग शिखर पाहून तृप्त झालेला प्रवासी तंजावर शहरातल्या जुन्या राजवाड्याकडे वळतो, तेव्हा प्रथमदर्शनी त्याचा काहीसा हिरमोड झाल्यावाचून राहत नाही. कारण म्हैसूर, जयपूर किंवा बडोदे येथील राजवाड्यांनी त्याच्या मनात राजैश्वर्याची जी कल्पना रुजवून ठेवलेली असते, तिच्याशी जुळणारे येथे फारसे काही नाही. रहदारीच्या रस्त्यावरून कमानीखालून आत शिरावे, तो प्रशस्त चौक लागतो. चौकाच्या कडेने चुन्याचा गिलावा जागोजाग सुटलेल्या भिंती उभ्या असतात. एखादे दालन जीर्णोद्धाराचा ताजा रंग ल्यालेले, तर त्याला लागूनच असलेला सोपा ऊनपाऊस खात पडलेला. तमिळ माणसे या वास्तूला ‘अरण्मनै’, म्हणजे राजगृह, म्हणतात. आज तिच्या आवारात चोळकालीन मूर्तींचे कलादालन आहे, ‘सरस्वती महाल’ हे जगद्विख्यात ग्रंथालय आहे, सदर महालात भोसले घराण्याच्या वंशजांनी जपलेल्या वस्तूंचा संग्रह आहे, आणि हे सारे एकाच फेरीत पाहून बाहेर पडणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ आहे.

राजवाड्याचे संग्रहालय होणे ही गोष्ट आपल्या देशात आता नित्याची झाली आहे. संस्थाने विलीन झाली, पुढे तनखेही बंद झाले, आणि वाड्यांचा डोलारा सांभाळणे वंशजांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर पुष्कळ ठिकाणी दिवाणखान्याला दोर लावून व दाराशी तिकिटाची खिडकी उघडून ते लोकांसाठी मोकळे केले गेले. तंजावरचा इतिहास याहून निराळा आहे. येथे राज्य फार आधी गेले, आणि ते गेल्यावर एका राजाने आपल्या हयातीतच, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या अनावर जिज्ञासेने, आपल्या वाड्याला संग्रहालयाचे रूप दिले. सरकारने विसाव्या शतकात तेथे जी पाटी लावली, ती या अर्थाने सव्वाशे-दीडशे वर्षे उशिराच लागली, असे मला वाटते.

वाड्याचा पाया मराठ्यांचा नव्हे. सोळाव्या शतकात विजयनगरचे मांडलिक म्हणून तंजावरास आलेल्या नायक राजांनी तो घातला. वरच्या अंगाला निमुळती होत गेलेली, सुमारे १९० फूट उंचीची गूडगोपुरम् ही आठमजली वास्तू, संगीत महाल आणि धातुमूर्ती जेथे मांडल्या आहेत तो नायकांचा दरबार ही त्यांच्या रसिकतेची साक्ष होय. रघुनाथ नायक हा स्वतः कवी व वीणावादक. त्याच्या पदरी विद्वानांचा मेळा असे, आणि ‘सरस्वती भांडार’ या नावाने पोथ्यांचा संग्रहही त्याच काळात वाड्यात होता. १६७३ साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाशी झालेल्या लढाईत वृद्ध विजयराघव नायक मारला गेला आणि ती गादी बुडाली. तिच्या वारसाला पुन्हा बसविण्याच्या निमित्ताने विजापूरच्या आदिलशहाने शहाजीराजांचे पुत्र, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांस धाडले, आणि १६७५ च्या सुमारास व्यंकोजी राजे स्वतःच तंजावरचे धनी झाले. दक्षिण दिग्विजयाच्या प्रसंगी १६७७ साली कोल्लिडम् नदीच्या काठी तिरुमळवाडीस दोघा भावांची भेट झाली, तीत वाटणीवरून वितुष्ट आले, आणि व्यंकोजींची पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणाने ते मिटले, हा कथाभाग मराठी वाचकाला परिचयाचा आहे. अपरिचित आहे तो त्यानंतरचा जवळजवळ १८० वर्षांचा काळ. महाराष्ट्रातल्या आपल्या इतिहासग्रंथांत तंजावरची शाखा एखाद्या तळटीपेत येते व विरून जाते. मराठी भाषेचा एक प्रवाह कावेरीच्या पाटांतून इतका दूर वाहत गेला, तेथे त्याने काय पिकविले, याची विचारपूस आपण फारशी केली नाही.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ साली गादीवर आले. मराठा दरबार म्हणून आज जे दालन दाखवितात ते त्याच सालचे. रंगविलेले जाड खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी, त्यांवर चुन्यात उठविलेल्या आकृती, आणि शेवटी थोड्या उंचीवर दगडी चबुतरा: एवढेच तेथे आहे, पण मराठी डोळ्याला हे दालन परके वाटत नाही. या शहाजीराजांनी १६९३ साली तिरुविशनल्लूर हा गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिला, आणि स्वतः तेलुगू व मराठी भाषांत नाट्यरचना केल्या. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले व तेथून मराठी नाटकाचा आरंभ आपण धरतो. परंतु त्यापूर्वी दीडशे वर्षे, १६९० च्या सुमारास, ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक या वाड्यात रचले गेले होते. ‘पंचभाषाविलास’ नावाच्या दुसऱ्या नाटकात तर पाच भाषा एकत्र आणल्या आहेत. ज्या दरबारात संस्कृत पंडित, तेलुगू कवी, तमिळ पुजारी, मराठी कारकून आणि दखनी शिपाई एकाच चौकात वावरत होते, तेथे असे नाटक सुचणे अगदी स्वाभाविक होते.

मधल्या राजांचा वृत्तान्त येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. तुकोजीराजांच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ आहे. प्रतापसिंहांची कारकीर्द अर्काटचा नवाब, फ्रेंच व इंग्रज या तिघांच्या कचाट्यात गेली. आणि दुसरे तुळजाजी यांच्या वेळी, १७७३ साली, नवाब महंमदअली याने इंग्रजी फौजेच्या बळावर तंजावर घेतले. तीन वर्षांनी कंपनीच्या विलायतेतील डायरेक्टरांनी ते परत देवविले. हा हुकूम बजावणारा मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट यास त्याच्याच कौन्सिलातील मंडळींनी कैद केले आणि तो कैदेतच वारला, इतके या राज्याच्या देण्याघेण्यात अनेकांचे हितसंबंध गुंतलेले होते. मुलूख परत मिळाला. परंतु कावेरीच्या त्या सुपीक खोऱ्याची रया गेली, आणि तुळजाजींच्या घरची मुलेबाळेही काळाने ओढून नेली.

याच दुःखात १७८७ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, तुळजाजींनी भोसले कुळातील दुसऱ्या शाखेतला एक दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचा हात श्वार्ट्झ नावाच्या वयोवृद्ध जर्मन पाद्र्याच्या हाती दिला. तोच मुलगा पुढे दुसरे सरफोजीराजे झाला. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी दत्तविधान अशास्त्र ठरवून गादी घेतली, मुलाला वाड्यातच कोंडून त्याच्या शिक्षणाची आबाळ केली, तेव्हा श्वार्ट्झने कंपनीकडे दाद मागून त्याला मद्रासेस नेले. तेथे या मुलाने इंग्रजी भाषा शिकून घेतली, आणि पाश्चात्य शास्त्रांची गोडी त्याला लागली ती जन्मभर सुटली नाही. श्वार्ट्झ १७९८ च्या आरंभी वारला; त्याच वर्षी सरफोजींना गादी मिळाली. तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये श्वार्ट्झच्या मृत्युशय्येचे संगमरवरी उठावचित्र आहे, जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले. त्यात मरणोन्मुख गुरूचा हात धरून उभे असलेले सरफोजीराजे दिसतात. भोसले कुळातील छत्रपतीने एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या स्मरणार्थ असे शिल्प करवावे, आणि स्वतः आपल्या कुलधर्मापासून तसूभर ढळू नये, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी सुखाने एकत्र नांदल्या.

गादीचा मोबदला मात्र जबर होता. १७९९ च्या तहाने राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला व त्याच्या भोवतालची थोडी जमीन. त्याला सालिना एक लक्ष स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा होता. बावीस वर्षांच्या तरुण राजाच्या हातून फौज, न्याय, महसूल हे सारे एका सहीने निघून गेले. अशा अवस्थेत सापडलेल्या पुष्कळ राजांनी पुढचे आयुष्य शिकारीत, नाचरंगात व कर्जात घालविलेले इतिहासाने पाहिले आहे. सरफोजींनी काय केले, हे त्यांच्या वाड्यात पाहावयास मिळते.

पहिली काळजी त्यांनी केली ती अन्नछत्रांची. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. तहामुळे ती ज्या मुलखात होती तो मुलूखच कंपनीचा झाला, तेव्हा ती आपल्याकडे राहावीत म्हणून राजांनी १८०१ साली रेसिडेंटास सविस्तर पत्र लिहिले. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्याला जेवण. आजारी पडला तर वैद्य. आणि वाटेतच त्याचा अंत झाला तर त्याची क्रिया, अशी या छत्रांची व्यवस्था त्यात वर्णिलेली आहे. राजांची प्रिय सहचरी मुक्तांबाळ हिच्या नावाने ओरत्तनाडू येथे उभारलेले छत्र आजही त्या गावात पाहावयास मिळते.

आणि मग ग्रंथ. राजांनी ग्रंथ जमविले, हे वाक्य कोणाही गुणग्राही राजाविषयी लिहिता येईल. म्हणून ते कसे जमविले हे पाहिले पाहिजे. १८२० च्या सुमारास राजे काशीयात्रेस निघाले. बरोबर हजारोंचा लवाजमा, वाटेत मुक्काम, दानधर्म, तीर्थविधी, हे तर होतेच. परंतु ठिकठिकाणच्या पंडितांकडून पोथ्या विकत घेणे आणि मूळ मिळत नसेल तेथे नक्कल करवून घेणे हा उद्योग या यात्रेत अखंड चालला होता. यात्रेहून राजांनी गंगोदक आणले तसेच काशीच्या घाटांची चित्रेही आणली. विलायतेतून पुस्तके मागविण्याचा परिपाठ त्यांनी वर्षानुवर्षे ठेवला. वैद्यक, वनस्पती, रसायन, शिल्प, प्रवासवर्णने, कोश, नकाशे या सर्वांचा त्यांत समावेश असे, आणि पुस्तक हाती आले म्हणजे राजे त्यावर इंग्रजीत आपली सही करीत. काचेच्या पेटीत असे एखादे पुस्तक उघडून ठेवलेले असते. सहीची शाई तपकिरी झाली आहे, पण अक्षराचे वळण सरावाच्या हाताचे आहे. केवळ मालकीची खूण म्हणून केलेली सही आणि वाचणाऱ्याने वाचण्यापूर्वी केलेली सही यांतला भेद मला तेथे जाणवला. चार्ल्स ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराने माणसांचे चेहरे व पशुपक्ष्यांची मुखे शेजारी शेजारी काढून दोहोंतले साम्य दाखविले आहे. ती चित्रे या संग्रहात आहेत आणि येणाऱ्यांची सर्वाधिक गर्दी त्यांच्यापुढेच होते.

१८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरास आले. राजांशी झालेल्या संभाषणाने ते थक्क झाले. कारण हा हिंदू राजा त्यांच्यापाशी लव्हॉझिए, लिनियस, बफाँ यांच्याविषयी माहीतगाराच्या अधिकाराने बोलत होता. पुढे थोड्याच दिवसांनी त्रिचनापल्लीस हेबर यांना मृत्यूने गाठले, पण त्यांनी लिहून ठेवलेली ही आठवण राहिली.

या विद्याव्यासंगाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो नेत्रवैद्यकाचा. वाड्यात ‘धन्वंतरी महाल’ नावाची शाळा होती. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्य अशा चारही पद्धतींची औषधे अजमावून पाहिली जात आणि गुणकारी ठरलेल्या कृती लिहून ठेवल्या जात. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे पाहावीत: रोग्याचे नाव, वय, दुखणे केव्हा सुरू झाले, काय उपचार केला, कितपत गुण आला, हे मोडी लिपीत व इंग्रजीत नोंदविलेले, आणि सोबत त्या रोगग्रस्त डोळ्याचे दरबारी चित्रकाराकडून काढवून घेतलेले रंगीत चित्र. बुबुळावरचे पांढरे पटल, पापणीच्या आतल्या बाजूची लाली, रक्ताने भरलेली बारीक शीर, असे सारे त्या कागदावर आहे. ज्या कुंचल्यांनी पिढ्यान्पिढ्या बाळकृष्णाच्या चित्रावर सोन्याचा वर्ख व काचमणी बसविले, त्यांना राजाने एका अनामिक रयतेच्या दुखऱ्या डोळ्याकडे टक लावून पाहावयास शिकविले. हे कागद मी पाहिले त्या दिवशी दुसरे काही पाहण्याची इच्छा उरली नाही.

छापखान्याची हकीकत मराठी माणसाने तरी विसरता कामा नये. ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने राजांनी १८०५ साली वाड्यात मुद्रणालय घातले, देवनागरी खिळे पाडविले, आणि दुसऱ्याच वर्षी तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर छापून निघाले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले ते १८३१ साली. म्हणजे पुण्याला पेशवाई नांदत असताना, आणि तेथे छापील मराठी पोथी कोणाच्याही देव्हाऱ्यात अजून यावयाची असताना, कावेरीकाठच्या शाळेतले एखादे मूल कोल्ह्याची व द्राक्षांची गोष्ट छापील मराठीत वाचीत होते. शाईवर आणि कागदावरही राजांचा पुरता भरवसा नसावा. कारण १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा संपूर्ण इतिहास देवनागरी अक्षरांत, मराठीत, कोरवून घेतला. इतका प्रदीर्घ मराठी शिलालेख दुसरा नाही. देवळात हिंडणारे असंख्य लोक त्या ओळींवरून नजर फिरवून पुढे जातात. महाराष्ट्रातून आलेला यात्रेकरू मात्र ओळखीचे अक्षर पाहून थबकतो.

१८३२ साली सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांनीही पित्याचा संग्रह जतन केला. पण १८५५ च्या ऑक्टोबरात ते वारले तेव्हा मागे औरस पुत्र नव्हता, आणि डलहौसीच्या अमदानीत अशा राज्याचे काय व्हावयाचे हे ठरलेलेच होते. पुढील वर्षी कंपनीचा कमिशनर शिपायांसह वाड्यात आला आणि त्याने सगळ्या मालमत्तेवर मोहरा केल्या. दौलत कोणती व खाजगी कोणते, राजाचे काय आणि राण्यांचे काय, असा भेद न करता जामदारखाना, शस्त्रागार, जमिनी, जडजवाहीर सगळे एका फेरीत जप्त झाले. वडील राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद लावली. पडद्यात वाढलेल्या त्या स्त्रीने कंपनी सरकारला कोर्टात खेचण्याचे धैर्य करावे, याचे कौतुक आपल्याकडे व्हावयास हवे होते तितके झाले नाही. मद्रासेस निकाल तिच्या बाजूने लागला. परंतु १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलाने तो फिरविला. जप्ती न्याय्य होती, असे त्या निकालात म्हटलेले नाही. ती राज्यसत्तेची कृती असल्यामुळे तिचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकारच दिवाणी न्यायालयास नाही, एवढेच म्हटले आहे, आणि कायद्याचे विद्यार्थी तो खटला आजही अभ्यासतात. त्यानंतर १८६२ साली सरकारने आपण होऊन जमिनी राण्यांना परत केल्या.

परंतु दरम्यान वाड्यातले पुष्कळ काही हातचे गेले होते. तंजावरच्या शस्त्रागारातील हत्यारे मद्रासेस गेली. निवडक तेथील सरकारी संग्रहालयाने ठेवून घेतली, आणि उरलेली धातूच्या भावाने मोडीत काढण्यात आली. दोनशे वर्षांच्या तलवारी, कट्यारी व भाले, ज्यांच्या मुठींवर यळी हे काल्पनिक सिंहप्राणी आणि पोपट कोरलेले होते, त्यांचे असे लोखंड झाले. जडजवाहिराची किंमत करणारे पारखी मिळाले, लोखंडाची किंमत करणारे मिळाले. ताडपत्रांची किंमत मात्र तराजूत करता येण्याजोगी नव्हती, म्हणून ती जागच्या जागी राहिली. राजवाड्याच्या ऐश्वर्यातला जो भाग कोणालाही नको होता तोच टिकला, हा या वास्तूच्या इतिहासाचा मर्मभाग आहे असे मी मानतो. नंतरच्या काळात आर्थर बर्नेल हा संस्कृतज्ञ इंग्रज न्यायाधीश तंजावरास नेमला गेला. त्याने वर्षानुवर्षे खपून त्या संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची केली, ती १८८० साली लंडनला छापली गेली, आणि युरोपातल्या पंडितांना या संग्रहाचा पत्ता लागला. अखेर राजघराण्यातील मंडळींनी आपला हक्क सोडून ग्रंथालय लोकांना अर्पण केले व १९१८ साली ते सार्वजनिक झाले. १९८३ साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली.

आज तेथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांतली बहुतेक संस्कृत. तमिळ व तेलुगूही पुष्कळ. मराठी तीन हजारांवर. व्याकरण, मीमांसा, नाट्य, संगीत, गजशास्त्र, अश्ववैद्यक, पाकशास्त्र असा कोणताही विषय वर्ज्य नाही, आणि समर्थसंप्रदायाचे मठ तंजावर प्रांतात स्थिरावलेले असल्यामुळे त्या परंपरेचे मराठी वाङ्मयही विपुल आहे. पोथ्यांच्या कपाटाजवळ गेले की वास येतो, आणि तो वास धुळीचा नसतो. वेखंड, कलौंजी, लवंग, मिरे, दालचिनी व कापूर कुटून त्यांच्या पुरचुंड्या पोथ्यांजवळ ठेवण्याची तेथली जुनी चाल आहे; कसर लागू नये म्हणून. ताडपत्रावर गवती चहाचे तेल हलक्या हाताने चोळले की कडक झालेले पान पुन्हा लवचीक होते आणि लेखणीने कोरलेल्या अक्षरांत काजळी भरली की अक्षर वर येते.

नायक दरबारातले कलादालन हे या सगळ्याहून अलीकडचे, १९५१ सालचे. गावोगावच्या भग्न देवळांतून व शेतांतून मिळालेल्या मूर्ती एकत्र ठेवण्यासाठी ते निघाले. दारासुरमची पाषाणातली भिक्षाटनमूर्ती व तिच्याकडे मोहून पाहणाऱ्या ऋषिपत्नी येथे आहेत, आणि तिरुवेण्काडू गावी जमिनीखाली सापडलेल्या धातुमूर्ती आहेत. परचक्राच्या धास्तीने पुजाऱ्यांनी देव पुरून ठेवावेत, ठावठिकाणा जाणणारी माणसे मरून जावीत, आणि शतकांनंतर कुदळीला ते लागावेत, अशी या मूर्तींची कुळकथा आहे. त्यांतली १०११ सालची वृषवाहन शिवाची मूर्ती मी दोन प्रहर पाहत राहिलो. सापांनी वेढलेल्या जटांचे शिरस्त्राण, एक पाय दुसऱ्यावर आडवा टाकलेला, आणि उजवा हात कोपरात वाकवून नंदीच्या पाठीवर विसावलेला. नंदी मात्र नाही, तो सापडलाच नाही. हात निराधार आहे तरी त्या विसावण्यात किंचितही ताण नाही. त्याच दरबारात सरफोजीराजांचा शुभ्र संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या फ्रान्सिस चँट्री याने घडविलेला. राजे हात जोडून उभे आहेत, आणि ज्या देवांच्या मूर्ती त्यांच्या हयातीत अद्याप मातीखाली होत्या त्या आता त्यांच्या भोवती उभ्या आहेत.

वाड्यातल्या मोडी कागदांविषयी लिहिल्याशिवाय मला थांबता येत नाही. राजवाड्याचा दैनंदिन कारभार मराठीत, मोडी लिपीत चालत असे. छत्रातला शिधा, हत्तींचा चारा, गवयांचे व नर्तकींचे वेतन, औषधांची खरेदी, यात्रेचा जमाखर्च हे सारे कापडात बांधलेल्या रुमालांत साठले आहे. तेथल्या तमिळ विद्यापीठाने यांतल्या पुष्कळ कागदांची तमिळ भाषांतरे करून छापली आहेत. हे काम करणाऱ्यांची घरची भाषा बहुधा तमिळ. आणि ज्यांची भाषा मराठी, त्या आपल्यापैकी बहुतेकांना मोडी वाचता येत नाही.

एका सकाळी तेथल्या एका अभ्यासकाने माझ्यासाठी रुमालाची गाठ सोडली व एक बंद पुढ्यात घेतला. ते तमिळ गृहस्थ. मोडीवरून बोट फिरवीत वाचू लागले, आणि मी ऐकू लागलो. उच्चार त्यांचे तमिळ वळणाचे, पण ‘हस्ते’, ‘बाकी’, ‘सदरहू’ हे शब्द त्यांच्या तोंडून असे सहज येत होते की जणू कोणी जुना फडणीसच बोलत आहे. धान्याच्या हिशेबात ‘मरक्काल’ हा शब्द आला तेथे मी अडलो. ते म्हणाले, “आमच्याकडचे धान्याचे माप ते.” हाताने त्या मापाचा घेर दाखविला, आणि पुढे वाचू लागले. दोन ओळींनंतर ते थांबले. ‘कोरडा शिधा’ असे लिहिले होते. शिधा त्यांना माहीत होता. कोरडा का, हे उमगत नव्हते. मी सांगितले की काही यात्रेकरू दुसऱ्याच्या हातचे शिजलेले घेत नाहीत. त्यांना तांदूळ, डाळ, मीठ, तूप असे न शिजविलेले द्यावयाचे, ते स्वतः चूल मांडून रांधून घेतात. त्यांनी मान डोलावली, शिसपेन्सिलीने समोरच्या चिठ्ठीवर तमिळ अक्षरांत ते टिपून घेतले, आणि तो बंद आम्ही दोघांनी मिळून शेवटपर्यंत वाचला.